पुडी तीच आहे का? जप्त मुद्देमालाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती. गांजाच्या गुन्ह्यात जप्त झालेला माल शेतातून किंवा बसमधून न्यायालयाच्या टेबलापर्यंत कसा पोहोचतो आणि वाटेत काही बिघडले तर त्याचा परिणाम कोणावर होतो, हा तो विषय. म्हणून या वेळचे सदर मी त्यालाच दिले आहे. पत्रलेखकांची नावे आणि गावे त्यांच्याच विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : वकीलताई, सादर नमस्कार. तीन वर्षांपूर्वी कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या गावालगतच्या शेतात पोलिसांनी गांजा पकडला, तेव्हा मला पंच म्हणून नेले होते. मी आणि माझ्यासोबतच्या गृहस्थांनी कागदांवर व पुड्यांवर सह्या केल्या. आता साक्षीसाठी समन्स आले आहे. मला तारीखसुद्धा धड आठवत नाही. ‘ही तीच पुडी आहे का?’ असे विचारले तर काय सांगावे? नाही म्हटले तर पोलीस रागावतील, आणि हो म्हटले तर आरोपीचे घर आमच्याच वेटाळात आहे. (एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : तुमची अडचण खरी आहे आणि तुम्ही ती मोकळेपणाने लिहिली याचे मला समाधान वाटते, कारण बहुतेक पंच ही भीती मनात ठेवूनच साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहतात, काहीतरी बोलतात आणि ‘फितूर’ ठरून घरी जातात. सर्वप्रथम हे समजून घ्या की, पुडीतला पदार्थ गांजाच आहे किंवा तो त्याच माणसाचा आहे, हे सिद्ध करण्याचे काम तुमचे नाही. तुमच्या डोळ्यांसमोर काय घडले आणि तुम्ही कशावर सही केली, एवढ्यापुरतीच तुमची साक्ष आहे.

न्यायालयात काय होईल ते सांगते. लिपिक तुमच्यासमोर एक कापडी किंवा खाकी कागदाचे पाकीट ठेवतील. त्यावर सुतळीच्या गाठीवर लाखेची मोहर असेल आणि दोऱ्याखाली चिकटवलेल्या कागदी लेबलावर गुन्हा क्रमांक, तारीख, वजन, जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्याची सही आणि दोन पंचांच्या सह्या असतील. तीन वर्षांत शाई फिकट झालेली असेल, लेबलाची कड फाटलेली असेल, तरी स्वतःची सही माणूस ओळखतो. ती तुमची असेल तर ‘ही माझी सही आहे’ एवढे सांगा. त्या दिवशी पुडी तुमच्यासमोर बांधली असेल, तर तसे सांगा. मोहर उमटवताना तुम्ही पाहिली नसेल, तर पाहिली नाही असे सांगा. तारीख आठवत नसेल तर पंचनामा पाहून स्मरण ताजे करण्याची परवानगी न्यायालयाकडे मागता येते आणि त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. सह्या कोऱ्या कागदावर घेतल्या गेल्या असतील, तर तेही स्पष्ट सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे, मग कोणाला राग येवो अथवा न येवो.

आता तुमच्या सहीला इतके महत्त्व का आहे, ते पाहू. शेतातून निघालेली पुडी न्यायालयापर्यंत अनेक हातांतून जाते. जप्ती अधिकारी ती ठाण्यात आणतात. एनडीपीएस कायद्याच्या, म्हणजे १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ठाणेदाराने ती सुरक्षित ताब्यात घ्यायची असते, जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्याला आपली मोहर लावू द्यायची असते आणि नमुन्यांवर ठाणेदाराचीही मोहर असावी लागते. कलम ५७ प्रमाणे अटक किंवा जप्ती झाल्यापासून ४८ तासांच्या आत वरिष्ठांना सविस्तर अहवाल जावा लागतो. त्यानंतर मुद्देमाल कारकून तिची नोंद मुद्देमाल रजिस्टरला घेतो व तिला क्रमांक मिळतो. मग ती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जाते. नमुना घेऊन एखादा शिपाई नागपूर किंवा अमरावती येथील प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो, तेथे पोच घेतो आणि परत येतो. पुडी कोणाकडून कोणाकडे गेली, कोणत्या तारखेला व किती वाजता गेली आणि त्या वेळी मोहर शाबूत होती का, हे प्रत्येक टप्प्यावर कागदावर असावे लागते आणि ते सांगणारा माणूसही हजर करता यावा लागतो. यालाच ताब्याची साखळी म्हणतात. तुम्ही आणि तुमचे सोबती त्या साखळीची पहिली कडी आहात.

एक कडी निसटली तर काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी, १९८० साली, राजस्थान राज्य विरुद्ध दौलत राम या अफूच्या प्रकरणात सांगितले आहे. तेथे नमुने प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वी अनेक हातांतून गेले होते आणि त्या हातांपैकी काहींची साक्षच झाली नव्हती. सरकार पक्षाला नमुना मूळ स्थितीत होता हे दाखवता आले नाही आणि आरोपीची सुटका कायम राहिली.

माझ्या स्वतःच्या वकिलीतला एक अनुभव येथे सांगणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी मी एका गांजाच्या खटल्यात आरोपीची बाजू मांडत होते. ठाण्याच्या नोंदीप्रमाणे नमुना शुक्रवारी दुपारी रवाना झाला होता आणि प्रयोगशाळेची पोच सोमवारची होती. उलटतपासणीत मी त्या शिपायाला विचारले की, मधले दोन दिवस नमुना कोठे होता. तो प्रामाणिक माणूस होता. त्याने सांगितले की प्रयोगशाळा बंद असल्यामुळे तो नातेवाइकांकडे थांबला आणि पाकीट त्यांच्या घरातील कपाटावर ठेवले होते. पंचनाम्यात मोहरेवरची अक्षरे लिहिलेली नव्हती आणि मोहरेचा नमुनाठसा प्रयोगशाळेला पाठवलेलाच नव्हता, त्यामुळे त्या दोन दिवसांत पाकीट कोणी उघडले नाही हे ठामपणे सांगायला कोणताही आधार उरला नाही. माझा पक्षकार निर्दोष सुटला. तो खरोखर निर्दोष होता की नाही, हे मला आजही माहीत नाही, आणि ज्या गावात तो परत गेला त्या गावालाही ते कधी कळणार नाही. निकाल माझ्या बाजूने लागला असला तरी त्या दिवशी मला आनंद झाला नाही. त्या ठाण्याने पाकिटासोबत मोहरेचा ठसा लावलेला एक कागद पाठवला असता आणि रवानगी सोमवारी सकाळी केली असती, तर निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी तो पुराव्यावर लागला असता.

म्हणून तुम्हाला माझी विनंती आहे की, शेजाऱ्याला वाचवण्यासाठी किंवा पोलिसांना खूश करण्यासाठी साक्ष देऊ नका. जे पाहिले ते सांगा, आणि जे पाहिले नाही ते ‘पाहिले नाही’ असे सांगा. शपथेवर खोटे सांगणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि ‘आठवत नाही’ हे खरे असेल तर तो गुन्हा नाही.

प्रश्न : माझ्या भाच्याला एस.टी.च्या प्रवासात बॅगेतून गांजा नेताना पकडले. बॅगेत १४ किलो माल सापडला असे म्हणतात. तो आठ महिन्यांपासून कारागृहात आहे. कोणीतरी सांगितले की नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढलेले नाहीत, म्हणून तो नक्की सुटेल. त्याच्या आईने त्या भरवशावर जमीन गहाण ठेवून पैसे उभे केले आहेत. हे खरे आहे का? शिवाय त्याची झडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झाली नाही, त्याचाही फायदा मिळेल का? (एक मावशी, गोंदिया जिल्हा)

उत्तर : मावशी, कोणत्याही वकिलाने ‘नक्की सुटेल’ असे सांगू नये आणि त्या शब्दावर कोणत्याही कुटुंबाने जमीन गहाण टाकू नये. तुम्ही ऐकलेल्या गोष्टीत तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे.

कायद्याचे कलम ५२-अ असे सांगते की, जप्त मालाची यादी करून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, त्यांनी यादीची खातरजमा करायची, मालाची छायाचित्रे त्यांच्यासमोर काढून ती खरी असल्याचे प्रमाणित करायचे आणि नमुने त्यांच्या उपस्थितीत घ्यायचे. २०१६ साली भारत सरकार विरुद्ध मोहनलाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, जागेवरच नमुने काढून प्रयोगशाळेला पाठवण्याची जी सवय पडली आहे तिला या कलमात आधार नाही. त्याच निकालात देशभरच्या मालखान्यांतून अंमली पदार्थ चोरीला जाण्याच्या धोक्याबद्दलही न्यायालयाने गंभीर चिंता व्यक्त केली होती. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने जप्ती, साठवण, नमुने व विल्हेवाट यांविषयी नवे नियम अधिसूचित केले. त्यांच्यानुसारही नमुने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, प्रत्येकी दोन प्रतींत घ्यायचे आहेत, आणि गांजा, चरस व अफू यांसाठी नमुन्याचे वजन २४ ग्रॅम ठरवले आहे. त्यामुळे तुमच्या भाच्याच्या प्रकरणात ही प्रक्रिया झाली नसेल, तर तो मुद्दा महत्त्वाचा आहे यात शंका नाही.

परंतु जानेवारी २०२५ मध्ये भरत आंबळे विरुद्ध छत्तीसगड राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, कलम ५२-अ चे पालन झाले नाही किंवा उशिरा झाले, एवढ्याच कारणावरून खटला कोसळत नाही. आरोपीने आधी त्रुटी दाखवून द्यायची, मग सरकार पक्षाने पुरेसे पालन झाले होते किंवा त्रुटीमुळे मूळ पुराव्याला धक्का लागलेला नाही हे दाखवायचे. जप्तीचा उरलेला पुरावा विश्वासार्ह असेल, तर शिक्षा होऊ शकते. पुराव्यातच विसंगती असतील, तर मात्र त्या त्रुटीचे वजन वाढते. माझ्या मते हा निकाल योग्य दिशेचा आहे, कारण त्याने न्यायालयाला ‘रकाना भरला की नाही’ यापलीकडे जाऊन ‘पुडी तीच आहे का’ असे विचारायला लावले आहे. म्हणून तुमच्या वकिलांना विचारायचा प्रश्न असा आहे : पंचनाम्यातील वजन, यादीतील वजन आणि प्रयोगशाळेत पोहोचलेल्या नमुन्याचे वर्णन जुळते का? मोहरेचे वर्णन तिन्ही ठिकाणी एक आहे का? मुद्देमाल रजिस्टरचा उतारा मागितला आहे का?

राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडतीचा हक्क कलम ५० मध्ये आहे, पण तो अंगझडतीपुरता आहे. हातातील बॅग म्हणजे शरीर नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध पवन कुमार या निकालात म्हटले आहे. अंगावर काही सापडल्याचा आरोप नसेल, तर या मुद्द्यावर फार आशा ठेवू नका.

एक गोष्ट तुमच्या भाच्याच्या बाजूने आहे, ती म्हणजे वजन. गांजाची २० किलोपेक्षा जास्त मात्रा व्यावसायिक धरली जाते आणि जामिनाच्या वेळी कलम ३७ ची कठोर अट प्रामुख्याने त्या मात्रेच्या प्रकरणांत आडवी येते. १ किलोपेक्षा जास्त आणि २० किलोपेक्षा कमी मालासाठी शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि दंड एक लाख रुपयांपर्यंत आहे. ही शिक्षा हलकी नाही, पण जामिनाचा अर्ज गुणदोषांवर ऐकला जाऊ शकतो. पूर्वीचा अर्ज फेटाळला गेला असेल, तर आठ महिन्यांचा कारावास आणि तपासाची स्थिती सांगून तो पुन्हा करता येतो. खाजगी वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतील व्यक्तीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नसते.

प्रश्न : माझ्या शेतात पऱ्हाटी आणि तुरीचे आंतरपीक आहे. शेत भावाने मक्त्याने दुसऱ्याला दिले होते. पोलिसांनी धुऱ्याजवळच्या तुरीच्या ओळींतून गांजाची झाडे उपटली, मुळासकट मोजली आणि वजन २२ किलो लिहिले. सातबारा माझ्या नावावर आहे म्हणून मलाही आरोपी केले. झाडे मातीसह मोजली हे चालते का? (एक शेतकरी, बुलढाणा जिल्हा)

उत्तर : आपल्या पत्रातील दोन वेगळे प्रश्न मी वेगळे करून पाहते, कारण ते एकत्र मिसळले की नुकसान तुमचेच होईल.

पहिला वजनाचा. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे भांगेच्या झाडाचे फुले किंवा फळे धरलेले शेंडे. शेंड्यांशिवायची पाने आणि बिया त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळल्या आहेत, आणि मुळे, माती व जाड खोड यांचा तर त्यात उल्लेखच नाही. त्यामुळे तुमच्यावर २० किलोपेक्षा जास्त गांजा ‘बाळगल्याचा’ आरोप असेल, तर शेंडे वेगळे करून वजन झाले होते का, वजनाचा काटा कोणाचा होता, त्यावर वैधमापन विभागाचे चालू वर्षाचे प्रमाणपत्र होते का, झाडे ओली होती की सुकलेली, हे सारे प्रश्न विचारलेच पाहिजेत. तेलंगणातील एका खटल्यात, मार्च २०२४ मध्ये, मोहम्मद खालिद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची सुटका केली. तेथे गांजा हिरव्या मिरच्यांखाली दडवला होता, आणि मिरच्या बाजूला काढून गांजाचे वेगळे वजन करण्याचा प्रयत्नच झाला नव्हता. सुटकेची कारणे इतरही होती, परंतु हा मुद्दा न्यायालयाने ठळकपणे नोंदवला. मिरची आणि माती यांत या दृष्टीने फरक नाही : जे वजन शिक्षा ठरवते, ते फक्त निषिद्ध पदार्थाचे असले पाहिजे. ओले झाड दोन महिन्यांत सुकून निम्म्याहूनही हलके होऊ शकते, म्हणून जप्तीच्या वेळी ते ओले होते ही नोंद दोन्ही बाजूंच्या हिताची असते. ती नसेल, तर पुढे वजन कमी भरले की ‘माल कोठे गेला’ असा संशय पोलिसांवर येतो आणि ‘माल बदलला’ असा बचाव आरोपीला मिळतो.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. झाडांची लागवड हा कलम २० मधला स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यात किलोची पायरी नाही. शिक्षा दहा वर्षांपर्यंत होऊ शकते. त्यामुळे तुमच्यावरचा आरोप ‘बाळगण्याचा’ आहे की ‘लागवडीचा’, हे दोषारोपपत्रात काळजीपूर्वक पाहा. नुसता सातबारा नावावर आहे म्हणून लागवड तुम्ही केली, असे सिद्ध होत नाही. शेत मक्त्याने दिले होते हे दाखवणारा कागद, मक्त्याच्या पैशांची नोंद, त्या हंगामात बियाणे व खते कोणी आणली याच्या पावत्या, शेजारच्या धुऱ्यावरील शेतकऱ्याची साक्ष, हे गोळा करायला आजपासून लागा. मक्ता तोंडी असेल, तर भावाची साक्ष आणि पैशांच्या खात्यातील नोंदी यांचे महत्त्व वाढते.

त्याच वेळी वाचकांना आणखी एक तरतूद माहीत असावी. कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीत भांगेची झाडे बेकायदेशीरपणे लावली आहेत हे कळताच जमीनधारकाने पोलिसांना किंवा संबंधित अधिकाऱ्यांना कळवले पाहिजे, आणि माहीत असूनही टाळणे हा गुन्हा आहे. कलम ४७ हीच जबाबदारी सरपंच, पंच आणि गावातील इतर अधिकाऱ्यांवर टाकते. ज्यांनी शेत मक्त्याने दिले आहे, त्यांनी हंगामात एकदा तरी धुऱ्यावरून चक्कर मारावी, आणि काही आढळले तर लेखी कळवून त्या कागदाची पोच घरात जपून ठेवावी.

प्रश्न : मी ठाण्यात मुद्देमाल सांभाळतो. आमची खोली पत्र्याची आहे, उन्हाळ्यात लाख नरम होते, पावसाळ्यात ओल येते, उंदीर आहेत. न्यायालयात मात्र ‘सील तुटले कसे’ म्हणून मला विचारले जाते. जुन्या गुन्ह्यांचा मालही अजून पडून आहे. मी काय करावे? (एक पोलीस कर्मचारी, चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : तुमच्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या खोलीत लाखेची मोहर चपटी होऊन तिच्यावरची अक्षरे पुसट होतात, हे मी स्वतः पाहिले आहे. न्यायाधीशांसमोर ठेवलेल्या एका पाकिटावर मोहरेच्या जागी केवळ लालसर डाग उरला होता आणि त्यात सुतळीचा एक धागा अडकलेला होता. त्या डागावरून वकिलाला हवे ते म्हणता येते.

मोहर बिघडली की ती स्वतःहून दुरुस्त करू नका. हा माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे, कारण चांगल्या हेतूने पुन्हा लावलेली मोहरच पुढे सर्वांत मोठा संशय निर्माण करते. बिघाड दिसला त्याच दिवशी ठाणेदारांना लेखी कळवा, स्टेशन डायरीत नोंद घ्या, पाकिटाचे आहे त्या स्थितीत छायाचित्र काढा आणि न्यायालयाला अहवाल पाठवा. न्यायालयाची परवानगी मिळाल्यावर पंचांसमोर नवे आवरण घाला, पण जुने लेबल, जुनी सुतळी आणि लाखेचे तुकडे त्याच आवरणात ठेवा. उंदरांनी कुरतडले असेल किंवा वजन कमी भरले असेल, तर तेही तसेच लिहा. कमी वजनाचे कारण लिहिलेले असले, तर ते न्यायालयाला पटू शकते. लपवलेले कारण बाहेर आले, की मग संपूर्ण रजिस्टरवरचा विश्वास उडतो.

मोहर कोणत्या अक्षरांची आहे, हे रजिस्टरमध्ये लिहा आणि तिचा ठसा कागदावर घेऊन सोबत ठेवा. मोहर वापरल्यानंतर ती कोणाकडे राहिली, हेही लिहून ठेवणे चांगले, कारण मोहर आणि माल एकाच माणसाच्या हाती असतील, तर मोहर पुन्हा लावता आली असती असा युक्तिवाद वकील करतातच.

पडून असलेल्या मालाबद्दल सांगायचे तर, तो वर्षानुवर्षे सांभाळण्याची गरज कायद्याला वाटत नाही. कलम ५२-अ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांनी प्रमाणित केलेली यादी, छायाचित्रे आणि नमुने हाच प्राथमिक पुरावा धरला जातो, आणि उरलेल्या मालाची विल्हेवाट अंमली पदार्थ विल्हेवाट समितीमार्फत करता येते. मात्र २०१३ साली विजय जैन विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात जप्त माल न्यायालयात हजर केला नाही आणि त्याची रीतसर विल्हेवाट झाल्याचेही दाखवले नाही, म्हणून आरोपी सुटले, हे लक्षात ठेवा. म्हणून ठाणेदारांकडे गुन्हेनिहाय यादी द्या, कोणत्या गुन्ह्यात ५२-अ चा अर्ज झालेला नाही ते त्यात दाखवा आणि यादीच्या प्रतीवर त्यांची पोच घ्या. खोलीसाठी पक्के छत आणि लोखंडी कपाट मागणारे पत्रही द्या. ते मान्य होईल याची खात्री मी देऊ शकत नाही, पण उद्या साक्षीच्या पिंजऱ्यात ‘तुम्ही काय केले’ असे विचारले गेले, तर तुमच्या हाती ते पत्र असेल.

प्रश्न : ‘ताब्याची साखळी’ हा शब्द एनडीपीएस कायद्यात कोठेच सापडत नाही. मग न्यायालये त्यावर एवढा भर का देतात? आणि आता मोबाइलवर चित्रीकरण सक्तीचे झाले असताना पंचांची गरज काय? (कायद्याची विद्यार्थिनी, अमरावती)

उत्तर : शब्द कायद्यात नाही हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. कलम ५२-अ, ५५ आणि ५७ मिळून ती साखळी उभी राहते. भर देण्याचे कारण कलम ३५ आणि ५४ मध्ये सापडेल. सर्वसाधारण फौजदारी कायद्यापेक्षा वेगळे असे हे दोन नियम आहेत : पदार्थ ताब्यात सापडला की गुन्ह्याचे आणि आरोपीच्या दोषी मनःस्थितीचे गृहीतक धरले जाते, आणि ते खोडण्याचा भार आरोपीवर येतो. २००८ साली नूर आगा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही कलमे घटनाबाह्य ठरवली नाहीत, पण मूलभूत तथ्ये सरकार पक्षाने आधी सिद्ध केल्याशिवाय गृहीतक लागू होणार नाही, असे सांगितले. म्हणजे, एवढा मोठा भार आरोपीच्या खांद्यावर टाकण्यापूर्वी ‘जे जप्त झाले तेच तपासले गेले आणि तेच न्यायालयात आले’, हे दाखवणे सरकार पक्षाचे कर्तव्य ठरते. प्रयोगशाळेच्या अहवालासाठी विश्लेषकाला प्रत्येक वेळी साक्षीला बोलवावे लागत नाही, कारण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ ने अहवालच पुराव्यात वाचता येतो. पण अहवाल फक्त प्रयोगशाळेत पोहोचलेल्या पुडीबद्दल बोलतो, ती कोठून आली हे तो सांगू शकत नाही.

चित्रीकरणाबाबत : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेचे कलम १०५ झडती व जप्तीचे, तसेच यादी करून तिच्यावर सह्या घेण्याचे दृक्‌-श्राव्य चित्रीकरण करायला सांगते आणि ते विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे असते. एनडीपीएस कायद्याचे कलम ५१ संहितेच्या झडती-जप्तीच्या तरतुदी विसंगत नसतील तेथवर लागू करते. चित्रीकरण ही मोठी सुधारणा आहे असे मला मनापासून वाटते. पण त्या फाइलचीही साखळी असते : कोणाच्या मोबाइलवर काढली, कधी कोठे उतरवली, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र आणि त्यातील हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदलली तर लगेच कळावे यासाठी तिच्यावरून काढलेला संकेतांक, आहे का. मेळघाटात किंवा भामरागडच्या बाजूला नेटवर्क नसताना चार दिवसांनी पाठवलेली फाइल मध्यंतरी कोणाच्या हाती होती, हा प्रश्न पुडीच्या प्रश्नाइतकाच खरा आहे. पंचांची गरज संपलेली नाही, कारण कॅमेऱ्याला उलटतपासणीत प्रश्न विचारता येत नाही.

प्रश्न : पोलिसांनी पंच व्हायला बोलावले आणि मी नाही म्हटले, तर माझ्यावर गुन्हा दाखल होतो का? (एक तरुण, वर्धा जिल्हा)

उत्तर : झडतीला हजर राहण्याचा लेखी आदेश तुम्हाला दिला असेल आणि वाजवी कारणाशिवाय तुम्ही नकार दिला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२२ खाली कारवाई होऊ शकते. आजारपण किंवा घरातील दुःखद प्रसंग हे वाजवी कारण ठरू शकते, आणि ते त्याच वेळी सांगावे. नुसते तोंडी बोलावले असेल आणि तुम्ही येऊ शकत नसाल, तर नम्रपणे तसे सांगायला हरकत नाही. पंच झालात तर पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, आणि कोरा कागद किंवा कोरे लेबल पुढे केले तर ते भरून होईपर्यंत थांबा. पुढे समन्स मिळाल्याशिवाय साक्षीसाठी न्यायालयात जावे लागत नाही. जावे लागले तर प्रवासभत्त्यासाठी साक्ष संपल्यावर न्यायालयाच्या लिपिकाकडे लगेच अर्ज करा, आणि बसचे तिकीट तोपर्यंत खिशात जपून ठेवा.